मदत हवी आहे: पातळ पाईपला वेल्डिंग करताना भोक पडतंय

नमस्कार मंडळी, गोठ्याचं गेट घरीच बनवायला घेतलंय. वेल्डिंग मशीन २०० अँपियरची सिंगल फेज, इन्व्हर्टर प्रकारची, रॉड ६०१३ नंबरचे, ३.१५ एमएम जाडीचे, आणि चौकोनी पाईप दीड एमएम जाडीचा, काळा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नाही त्यामुळे जस्ताच्या धुराची भीती नाही. जाड अँगलवर ११० अँपियरला मस्त बसतंय, स्लॅग (जोडावर जमणारी कवची) हातोडीच्या एका टोल्यात निघतो आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी लाईन दिसते, बघून बरं वाटतं. पण पाईपवर तेवढ्याच करंटला सरळ भोक, आणि ७० वर आणला की रॉड चिकटतो, हिसका देऊन सोडवेपर्यंत लालबुंद होतो. त्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं मग नक्की दोष कशाचा तेच कळेना.

२.५ चा रॉड घेऊन ६०-७० वर मारू का? सलग लाईन ओढायची की थांबत थांबत टाके मारायचे? आणि पावसाळ्यात पुडा उघडा राहून रॉड सर्दावलेत, ते उन्हात वाळवून चालतील का नवीनच आणू? रोज हेच काम करणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा, गेट जनावरांच्या धडका खाणारं आहे, जोड पक्का हवा.