गणिताच्या तासाला घडीपुस्तिका

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या शाळेत सातवीच्या मुलांकडून मी त्रिकोणांच्या प्रकारांची घडीपुस्तिका (कागद दुमडून, उघडता-मिटता येणाऱ्या झडपा कापून केलेली छोटी पुस्तिका) करून घेतली, मात्र कापण्या-चिकटवण्यातच तास संपला. हे साधन खरोखर उपयोगी ठरते का?

उत्तर : सर, निश्चित ठरते, परंतु झडपेखाली व्याख्या उतरवून घेण्याऐवजी मुलांनी स्वतः सोडवलेले उदाहरण लिहावे, म्हणजे झडप मिटून उत्तर आठवण्याचा सराव होतो. घड्या घरूनच घालून आणायला सांगाव्यात.

उत्तर : लातूरला मी कात्री वापरतच नाही. कागदी त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू पाया मानून समोरचा शिरोबिंदू त्यातून पायावर येणाऱ्या लंबाच्या पायथ्याशी दुमडला आणि उरलेले दोन्ही कोपरे तिथेच आणले, की तिन्ही कोन शेजारी बसून १८० अंशांचा सरळ कोन दिसतो. हा कागद वहीत चिकटवावा, तो मुले पुन्हा पुन्हा उघडून पाहतात.

प्रश्नकर्ता : मॅडम, मनापासून आभार. सोमवारी हाच त्रिकोण घेतो.