हॉलमार्क नाही म्हणून नकली ठरवू नका

कुणीतरी लिहिलं आहे की आयर्लंडमधल्या दडपशाहीच्या काळातल्या, मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) वापरलेल्या चांदीच्या चषकावर हॉलमार्क नाही, म्हणजे तो बनावट. हे पटत नाही. 1695 पासूनच्या कायद्यांनी कॅथलिक पंथीयांची गळचेपी केली. त्या काळात मिस्साचा चषक तपासणी आणि छापासाठी डब्लिनच्या सोनार संघाकडे पाठवणं जोखमीचं होतं, म्हणून बिनछापाचे चषक भरपूर सापडतात.

आधी पायाच्या खालची बाजू पाहा. दात्याचं नाव, साल आणि 'मे फिएरी फेसित' (मला घडवून घेतलं) असा लॅटिन मजकूर बहुधा तिथेच असतो. 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला बदले, त्यामुळे फेब्रुवारी 1724 म्हणजे आपल्या हिशेबाने 1725.

मग जोडांवरचे स्क्रूसारखे आटे पाहा. लपवायला सोपं जावं म्हणून असे बरेच चषक प्याला, दांडा आणि पाया अशा तीन भागांत उघडतात. आटे हाताने कापलेले असतात. अडले तर जोर लावू नका, चांदी मऊ असते आणि आटे झिजतात. तीन भागांचा रंग, जाडी, झीज जुळत नसेल तर एखादा भाग मागाहून बसवलेला असू शकतो, प्याला तर बऱ्याचदा.

करडा, मंद डाग दिसला तर तो बहुधा जुन्या दुरुस्तीतल्या शिशाच्या डाकाचा. तिथे भट्टी लावली की शिसं चांदीत उतरून खड्डे पाडतं, तेव्हा सोनाराला आधीच बजावा. प्याल्याच्या आतल्या सोन्याच्या मुलाम्याला पॉलिश अजिबात नको.