जनरल वॉर्डातली नर्सिंग आणि ख्रिस्ती सेवा: ड्यूटीवर नेमकं काय करावं?

नवी_स्टाफ:
सर्वांना सलाम. मेल मेडिकल वॉर्ड, 30 खाटा, रात्रपाळीला दोन स्टाफ आणि एक मावशी. सहा-सात पेशंट पूर्ण अंथरुणाला खिळलेले. मंडळीत (चर्चमध्ये) सांगतात की नर्सचं कामच सेवा आहे. ते मान्य आहे, पण रात्री 2 वाजता त्या शब्दाचा अर्थ काय धरायचा? पेशंटबरोबर प्रार्थना करावी का? आणि पाळी संपल्यावर कुणाला तरी तसंच सोडून निघतोय असं वाटत राहतं, त्याचं काय करायचं? अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावं.

शोमरोनी_वाट:
बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणारा परका प्रवासी, एकदा नर्सच्या नजरेनं वाचा. त्यानं जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. सगळी हातानं करायची कामं. त्या माणसाला त्यानं उपदेश केल्याचा एक शब्दही तिथं नाही. म्हणून सुरुवात शरीरापासून करा, आणि तुमच्या वॉर्डात त्यातलं पहिलं काम बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) होऊ न देणं.

खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला. कागदावर वेळा आखून खाटेला लावा: 10 उजवी, 12 पाठ, 2 डावी. कुशीवर पूर्ण 90 अंशात झोपवलं तर सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन 30 अंशात कलता ठेवा. पोटऱ्यांखाली उशी लांबीच्या दिशेनं द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना ओढू नका. कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. आडवी चादर दोन्ही बाजूंनी धरून उचला. मावशींना हे एकदा नीट दाखवलं की दोघींना एका पेशंटला पाचेक मिनिटं पुरतात.

लाल झालेल्या जागेवर बोट दाबा. पांढरी पडली नाही, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हात फिरवून बघा: जागा गरम किंवा टणक लागते का. तिथे स्पिरिट-पावडर चोळायची जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. चोळू नका, आतला भाग आणखी दुखावतो. हवेची गोल रिंगही नको, तिच्या कडेनं रक्तपुरवठा दाबला जातो. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते. ती लावली की सगळे निर्धास्त होतात आणि नेमकं तिथेच चुकतं.

वसईची_सिस्टर:
प्रार्थनेबद्दल. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि त्याचं पाणी, औषध, बेडपॅन तुमच्या हातात आहे. अशा माणसाला तुमच्या प्रार्थनेला 'नको' म्हणणं फार अवघड जातं. म्हणून आपण होऊन सुरू करू नका. "कुणाला बोलावू का? घरचं कुणी, किंवा तुमच्या धर्मातलं कुणी?" एवढंच विचारा. त्यानं स्वतः मागितली तर औषधं झाल्यावर, पडदा ओढून, हळू आवाजात अर्धा मिनिट.

शेवटच्या घटका असतील तर घरच्यांची रीत सांभाळा. गंगाजल द्यायचं असेल तर ओल्या कापसानं ओठ टिपायला सांगा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. मुसलमान कुटुंबाला तोंड किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, करायचं असतं. जमत असेल तर खाट फिरवून द्या. कॅथलिक पेशंट असेल तर फादरना लवकर बोलवा. घरचे 'अजून वेळ आहे' म्हणत राहतात आणि तोवर पेशंट बोलू शकत नाही. गिळता येत नसेल तर तसं फादरना आधी सांगा. कम्युनियन (पवित्र भाकरीचा घास) देता आलं नाही तरी तेलाचा अभिषेक होतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते: मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेसाठी पेशंटचं नाव, आजार, खाट नंबर टाकू नका. हेतू चांगला असला तरी ते त्याचं गुपित आहे. 'एका आजारी भावासाठी' एवढं पुरे, नाव देवाला ठाऊक आहे.

ओव्हर_बुक:
वरच्या दोघींनी सांगितलं त्यात खरेपणाची भर घालतो. सकाळचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट बघा: 30 पेशंट आणि सगळ्यांचा श्वास 18! मोजलेलाच नसतो. वास्तविक प्रकृती ढासळू लागली की श्वासाची गती बहुतेक वेळा सगळ्यांत आधी वाढते. नाडी मोजून झाल्यावर मनगटावरची बोटं तशीच ठेवा आणि न सांगता पूर्ण एक मिनिट छाती मोजा. सांगितलं की पेशंट श्वास बदलतो. 24 च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. सगळ्यांचा जमणार नसेल तर गंभीर असलेल्यांचा तरी खरा मोजा आणि बाकीची जागा रिकामी ठेवा. न मोजता आकडा लिहिणं ही खोटी साक्ष आहे, हे मी जपून पण पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

चुकीचं औषध गेलं तर आधी पेशंटकडे जा. सलाईनमधून जात असेल तर थांबवा, बीपी-नाडी घ्या, ड्यूटी डॉक्टरांना लगेच फोन करा, मग इनचार्ज सिस्टरना. औषध, मात्रा, वेळ जशीच्या तशी लिहा. खाडाखोड नको. लपवलेल्या चुकीवर वेळेत उपचार होत नाहीत, हा त्यातला खरा धोका.

वसईची_सिस्टर:
मावशींचा उल्लेख वर आला म्हणून. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं ब्रीद बायबलमधल्या मार्क 10:45 या वचनावरचं आहे: सेवा करून घ्यायला नव्हे, सेवा करायला. ते वचन कुठे येतं? याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे मानाच्या जागा मागतात आणि बाकीचे दहा शिष्य चिडतात, तिथे. वॉर्डात याचा अर्थ साधा आहे. घाण काढताना चादरीचं दुसरं टोक तुम्ही धरा. मावशींना ग्लोव्हज संपल्याचं सांगायची वेळ येऊ देऊ नका. रात्री त्यांनाही आळीपाळीनं पाठ टेकू द्या.

नवी_स्टाफ:
खूप आभार. आजच वेळांचा कागद करते. निघतानाच्या अपराधीपणाचं राहिलं.

शोमरोनी_वाट:
त्याच गोष्टीत आहे. दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून गेला, पण जाण्याआधी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन 'याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परतताना देईन' असं सांगून गेला. म्हणजे त्यानं ओव्हर दिली, पाळी बदलताना पेशंटची माहिती देऊन तो पुढच्याच्या हाती सोपवतात तशी. तुम्हीही ती टेबलावर बसून देऊ नका, खाटेजवळ उभं राहून द्या. शेवटची कूस कधी आणि कुठली, लघवी किती झाली, रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड कधी दिलं (त्यानंतर डोकं किमान अर्धा तास 30 ते 45 अंश वर हवं), कोण घाबरलेलं आहे, कुणाचे नातेवाईक आलेले नाहीत. पुढच्या सिस्टरचं नाव पेशंटला सांगा. मग घरी जा आणि झोपा.