फाइल जागेवर असूनही 'मॉड्यूल सापडले नाही'

प्रोग्राम एखादी डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडची लायब्ररी फाइल) लोड करताना असा संदेश देतो, तेव्हा ती लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करावी, असा सल्ला दिला जातो; तो मला अपुरा वाटतो. हा संदेश म्हणजे विंडोजमधील त्रुटी क्रमांक 126, आणि तो पुष्कळदा त्या डीएलएलविषयी नसतोच. ती ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून असते, तीच संगणकावर नसते आणि संदेशात तिचे नाव येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे डम्पबिन हे कमांड लाइन साधन 'डिपेन्डन्ट्स' पर्याय देऊन चालवले, की अवलंबित फाइलींची यादी समोर येते.

त्रुटी क्रमांक 193 (फाइल वैध विन32 प्रोग्राम नाही) आला, तर मात्र आधी 32 आणि 64 बिटची सरमिसळ तपासावी. त्याच डम्पबिनच्या 'हेडर्स' पर्यायात मशीनपुढे 8664 दिसले तर फाइल 64 बिट, 14सी दिसले तर 32 बिट. आणि ती जुळायला हवी तिला लोड करणाऱ्या प्रोग्रामच्या प्रोसेसशी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामशी, केवळ विंडोजशी नव्हे.