पद्मिनीचं छत आणि दारं: कोणता गम वापरावा? मदत हवी आहे

मंडळी, घरची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करतोय. इंजिन, पत्रा, रंग झालं. आता आतल्या कामाला हात घातलाय आणि सगळं गमवर येऊन अडलंय.

छताचं लायनिंग म्हणजे पातळ रेक्झिन, आडव्या तारांवर ताणलेलं. मध्ये गम नाहीच, सगळा ताण कडांवर. दोन्ही काचांच्या वर ते सुटून लोंबतंय. पुढची कड उचलली तर जुना गम तपकिरी भुकटी होऊन हातावर येतो. मागच्या काचेपाशी मात्र तो मधासारखा ओघळतोय, बोट लावलं की पाकासारखी तार सुटते. एकाच छतावर असं का?

दारांच्या पॅनेलमधला हार्डबोर्ड पाणी पिऊन फुगलाय, तो नवा कापून घेतोय. त्यावर पातळ फोम आणि मग रेक्झिन बसवायचंय.

इथे नाशिकला एक सीटवाला म्हणतो, सगळ्याला फेविकॉल एसआर ९९८ (रबराचा गम) लावा. दुसरा म्हणतो, स्प्रेचा डबा आणा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या. त्यानंतर या गाड्यांचं काम रोज करणारा माणूस मला तरी सापडलेला नाही. गाडी उन्हात उभी असते, त्यामुळे मे महिन्यात टिकेल असंच हवंय. जुना गम रंगाला धक्का न लावता कसा काढायचा, तेही सांगा.

प्रतिसाद १

दादा, मी सीट-कव्हरच्या धंद्यात आहे. रेक्झिनवरचा थर पीव्हीसीचा. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात. तापलं की ते हळूहळू गममध्ये झिरपतं आणि गम पाघळतो. तुमच्या मागच्या काचेपाशी बहुतेक हेच झालंय. भुकटी झाली तिथे रबराचा गम हवेने आणि उष्णतेने वाळून मेलाय.

म्हणून छताच्या कडांना डब्यावर ‘पीव्हीसीसाठी’ आणि ‘उष्णतारोधक’ असं दोन्ही लिहिलेला गमच घ्या. पॅनेलच्या हार्डबोर्डला ९९८ चालेल. लाकडाचा पांढरा फेविकॉल छताला अजिबात नको. त्यातलं पाणी उडून बाहेर जायला मोकळी जागा लागते, आणि इथे एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक.

गम दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. साधारण १०-१५ मिनिटं लागतात. एकदा बसलं की सरकत नाही, म्हणून मधून कोपऱ्यांकडे जा. रेक्झिन आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, सुरकुत्या निघतात. फोमवर फार जपून: गमचा गोळा राहिला तर वरून टेंगूळ दिसतं. तिथे स्प्रेच बरा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. गममधलं द्रावक (तो पातळ ठेवणारं रसायन) उडताना थर गार होतो, त्यावर दमटपणा बसून पांढुरकी झाक येते आणि पकड जाते.

जुना गम प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेला टर्पेंटाइनच्या फडक्याने, आधी लपलेल्या जागी करून बघा. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा) रंग उचलतो. आणि दारं सताड उघडी, बॅटरी काढलेली, आसपास बिडी-काडी नाही. गमची वाफ पेट घेते, डोकंही चढतं.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत. पण डब्यावरच्या अक्षरांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. जुन्या पत्र्यावर त्याच रेक्झिनच्या पट्ट्या वेगवेगळ्या गमने चिकटवा, दोन दिवस सुकू द्या. मग पत्रा भर उन्हात उपडा टांगा आणि प्रत्येक पट्टीच्या मोकळ्या टोकाला सारख्याच वजनाचा नट बांधा. जी पट्टी सोलत येईल तो गम बाद.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रेक्झिनचा तुकडा आहेच, उद्याच पट्ट्या लावतो. एक राहिलं: छताची कड काचेच्या रबराखाली जाते. काच न काढता तिथे गम पोचवता येतो का, की काच उतरवावीच लागेल?

प्रतिसाद १

उतरवाच. रबराखालचा जुना गम आणि गंज काच काढल्याशिवाय दिसतच नाही, आणि गंजावर कुठलाच गम धरत नाही. नवं रबर आधी आणून ठेवा.