मदत हवी आहे: कपड्यांची ११ दुकानं, नफा नगण्य. मटेरिॲलिटी कशावर धरायची आणि स्टॉक मोजायला कुठे जायचं?

घणसोली२७
कपड्यांची रिटेल कंपनी आहे, ठाणे आणि नवी मुंबई मिळून ११ दुकानं. परवा सरांना ऑडिटचा प्लॅनिंग मेमो द्यायचाय आणि दोन ठिकाणी अडकलेय. करपूर्व नफ्याच्या ५ टक्के धरले तर मटेरिॲलिटी (किती रकमेपर्यंतची चूक चालवून घ्यायची ती मर्यादा) इतकी छोटी येते की वर्षभर व्हाउचरच तपासत बसावं लागेल. टर्नओव्हरचा १ टक्का धरला तर ती नफ्यापेक्षा मोठी होते. मग धरायचं काय? दुसरं, ३१ मार्चच्या मोजणीला कोणती दुकानं घ्यायची? माणसं पाचच आहेत. एसए (ऑडिटिंगची मानकं) ३१५ आणि ३२० वाचा असं कृपया सांगू नका, दोन्ही वाचलेत.

ताळेबंद
आकड्यांशिवाय काय सांगणार? टर्नओव्हर, नफा, स्टॉक, बँकेची लिमिट द्या. प्रायव्हेट की लिस्टेड? गोदाम आहे का? आणि ऑडिट तुमच्याकडे पहिल्यांदाच आलंय का?

घणसोली२७
प्रायव्हेट लिमिटेड. टर्नओव्हर ६४ कोटी, करपूर्व नफा ३८ लाख, ग्रॉस मार्जिन ३४ टक्के. स्टॉक साडेचौदा कोटी, त्यातला ६ कोटींचा भिवंडीच्या गोदामात. कॅश क्रेडिट (स्टॉकवर मिळणारं बँकेचं खेळतं कर्ज) ९ कोटी. हो, पहिलंच वर्ष, नेमणूक सप्टेंबरच्या एजीएमला झाली.

खारघर_ए
टॅक्स ऑडिटचं विसरू नका. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तरच १० कोटींची मर्यादा, नाहीतर १ कोटी. किरकोळ विक्रीत रोख ५ टक्क्यांच्या वर जातेच.

ताळेबंद
६४ कोटींच्या कंपनीला दोन्ही मर्यादा ओलांडूनच पडल्यात, तो प्रश्नच नाही इथे.

मटेरिॲलिटीचं बघू. ३८ लाखांचे ५ टक्के म्हणजे १ लाख ९० हजार. टर्नओव्हरचा १ टक्का म्हणजे ६४ लाख. अर्धा टक्का धरला तरी ३२ लाख, म्हणजे जवळजवळ सगळा नफा चुकीचा असला तरी तुम्ही सही कराल. हे आकडे वाचणार कोण? इथे प्रवर्तकांच्या जोडीला ९ कोटी देणारी बँक. बँकेला स्टॉक, ड्रॉइंग पॉवर (स्टॉकच्या आधारे किती उचलता येतं) आणि नफा की तोटा यात रस असतो. म्हणून आधार टर्नओव्हरचाच ठेवा, पण पाव टक्का: १६ लाख. पहिलं वर्ष आणि नियंत्रणांचा अंदाज नाही, म्हणून परफॉर्मन्स मटेरिॲलिटी (प्रत्यक्ष तपासणीसाठीची खालची मर्यादा) त्याच्या ५० टक्के, ८ लाख. किरकोळ म्हणून सोडून द्यायची मर्यादा ८० हजार. संचालकांशी होणाऱ्या व्यवहारांना वेगळी, खालची मर्यादा लावा. आणि पाव टक्काच का, हे मेमोत दोन वाक्यांत लिहा. रिव्ह्यूला आलेला माणूस टक्केवारीपेक्षा कारण शोधतो.

चरई_लेखा
असहमत. रिटेलमध्ये खरा आधार ग्रॉस मार्जिन. ६४ कोटींचे ३४ टक्के म्हणजे २१ कोटी ७६ लाख, त्याचा १ टक्का २१ लाख ७६ हजार. धंद्याचं आरोग्य मार्जिनवर कळतं, विक्रीवर नाही.

ताळेबंद
आरोग्य कळतं हे मान्य. पण मार्जिन अखेरच्या स्टॉकवर अवलंबून असतं, आणि या ऑडिटमध्ये सगळ्यात संशयाचा आकडा तोच आहे. स्टॉक ५० लाखांनी फुगवला की मार्जिन फुगतं आणि तुमची मटेरिॲलिटीही वाढते. ज्या आकड्याची तपासणी करायची त्यानेच मोजपट्टी ताणली जाऊ नये.

चरई_लेखा
मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी मार्जिनवर घ्या. या वर्षीच्या स्टॉकचा परिणाम बराच कमी होतो.

नेरूळकर
दोघांचेही आकडे १६ ते २२ लाखांत आहेत, त्यावर रात्र घालवण्यात अर्थ नाही. १६ घ्या आणि पुढे चला. मला वेगळी माहिती हवी आहे. ११ ही दुकानं कंपनीची आहेत का? एखादी फ्रँचायझी? सगळा माल कंपनीचा की काही सेल ऑर रिटर्नवर? बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि हिशोबाचं एकच की वेगळं? आणि श्रिंकेज (चोरी, हरवणं वगैरेतली मालाची घट) किती दाखवतात, दुकानवार?

घणसोली२७
३ फ्रँचायझी आहेत, ठाण्यात एक आणि पनवेलकडे दोन. दोन ब्रँडचा माल सेल ऑर रिटर्नवर आहे, म्हणजे विकला गेला तरच खरेदी. बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळं, रोजची एकूण विक्री टॅलीत एका एंट्रीने जाते. श्रिंकेज सगळ्या दुकानांत ०.४ टक्के.

नेरूळकर
सगळ्या दुकानांत ०.४? मॉलमधल्या आणि जांभळी नाक्यासारख्या गर्दीच्या रस्त्यावरच्या दुकानांत चोरीचं प्रमाण सारखं कसं असेल? ते मोजणीतून आलेलं नाही, सॉफ्टवेअरमध्ये दर टाकून काढलंय. म्हणजे एक तर मोजणी झालीच नाही, किंवा झाली आणि फरक पुस्तकात घेतला नाही. ६४ कोटींचे ०.४ टक्के म्हणजे २५ लाख ६० हजार, तुमच्या १६ लाखांच्या वर. हाच तुमचा सगळ्यात मोठा धोका, मेमोत तो पहिल्या पानावर हवा. दुकानवार मोजणीचे सही केलेले कागद आणि स्कॅनरच्या मूळ फाइली मागा. एक्सेलमध्ये नंतर तयार केलेली यादी घेऊ नका.

धोक्यांचा दर्जा ठरवताना विक्री आणि स्टॉक दोन्ही स्वतंत्र मोठे धोके म्हणून लिहा. एसए २४० विक्रीत फसवणुकीचा धोका गृहीत धरायला सांगतं. तो धोका इथे नाही असं म्हणायचं असेल तर कारण नोंदवावं लागेल. माझ्या मते इथे ते कारण सापडणार नाही.

खारघर_ए
श्रिंकेजवर जीएसटी! हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) कलम १७(५)(एच) खाली परत करावं लागतं. बहुतेक दुकानवाले ते करत नाहीत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचा दर बदललाय. २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. आधी १,००० पर्यंत ५ आणि वर १२ होता. सॉफ्टवेअर दर छापील किमतीवर ठरवतं की सवलतीनंतरच्या विक्री किमतीवर, ते तपासा. सेलमध्ये २,९९९ चा कुर्ता २,२०० ला गेला तर दर ५ लागायला हवा. आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीत) १८ अडकून राहिला की वर्षभराचा कर चुकतो.

ताळेबंद
हे मात्र कामाचं. ऑडिटमध्ये दर बदलाच्या आधीची आणि नंतरची बिलं स्वतंत्र घ्या.

कोपरी_डेटा
तुम्ही लोक नमुने घेत का बसता? बिलिंग सॉफ्टवेअरमधून वर्षभराच्या बिलांच्या सगळ्या ओळी काढा आणि पॉवर क्वेरीत (एक्सेलचं डेटा टूल) टाका. बिल नंबरातले खंड, रद्द बिलं, परतावे, मॅन्युअल डिस्काउंट, कॅशियरनुसार आणि तासानुसार. कार्डाने घेतलेल्या मालाचा परतावा रोखीत दिलाय का, ते एका फिल्टरने दिसतं. ग्राहकाचा फोन नंबर नसलेले परतावे आणि दुकान बंद होण्याच्या आधीच्या अर्ध्या तासातले परतावे वेगळे काढा. ११ दुकानं एका दिवसात होतात.

नेरूळकर
एका दिवसात होतात, पण डेटा पूर्ण आहे हे कोणी पाहिलं? इंटरनेट गेलं की दुकानं ऑफलाइन बिलिंग करतात, त्याची सिरीज वेगळी असते आणि नंतर अपलोड होते. ती फाइल आली नाही तर पॉवर क्वेरी अर्धवट डेटावर सुंदर तक्ते दाखवेल. आधी ओळींची बेरीज महिनावार टॅलीतल्या विक्रीशी आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) शी जुळवा. मग बँकेकडे वळा. कार्डाचे पैसे साधारण दुसऱ्या दिवशी, बँकेचा चार्ज कापून येतात, त्यामुळे पीओएसची (बिलिंग काउंटरची) ठोक रक्कम आणि बँकेतली रक्कम सारखी दिसणार नाही. चार्ज धरून जुळवावी लागते. यूपीआयचं वेगळं बघा. दुकानाच्या क्यूआरऐवजी कोणाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर चिकटवलेला असेल तर तो पीओएसमध्ये कधीच दिसत नाही. तो दुकानात उभं राहून पाहावा लागतो.

अजून एक स्वतंत्र पुरावा आहे, जो लोक मागतच नाहीत. मॉलमधल्या दुकानांचं भाडं बऱ्याचदा किमान हमी किंवा विक्रीचा टक्का, यातलं जास्त असं असतं. त्यासाठी दुकान दर महिन्याला मॉलला विक्री कळवतं. तो रिपोर्ट मॉलकडून थेट घ्या आणि पुस्तकातल्या विक्रीशी ताडून पाहा. तीन ठिकाणी तीन आकडे निघाले तर उत्तर व्यवस्थापनाला द्यावं लागतं.

चरई_लेखा
टॅलीत रोज एकच एंट्री जाते म्हणालात. मग ऑडिट ट्रेलचं (कोणी कधी काय बदललं याची नोंद) बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही पाहावं लागेल. फक्त टॅलीत आहे, झालं, असं चालत नाही. विक्रीची मूळ नोंद जिथे राहते ते सॉफ्टवेअरही हिशोबाचं सॉफ्टवेअर ठरतं. ट्रेल वर्षभर चालू होता का, कोणी बंद करू शकतो का, ॲडमिन पासवर्ड व्हेंडरकडे आहे का, हे तिन्ही नोंदवा.

आणि भरणा भांडवल आधी बघा. ते १० कोटींपर्यंत असेल तर १ डिसेंबर २०२५ पासून १०० कोटींपर्यंत टर्नओव्हरची प्रायव्हेट कंपनी ‘छोटी कंपनी’ ठरते, मग अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवरचं वेगळं मत आणि कॅरो (ऑडिट रिपोर्टमध्ये कोणत्या बाबींवर लिहायचं याचा सरकारी आदेश) लागत नाहीत. छोटी नसेल तर टर्नओव्हर ५० कोटींच्या वर असल्यामुळे ते मत द्यावं लागेल, म्हणजे नियंत्रणांची चाचणी वर्षभरातून घ्यायची, मार्चमध्ये एकदम नाही. कॅरो लागू असेल तर त्यात ५ कोटींवरच्या लिमिटसाठी बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का, तेही येतं. ती आजच मागवा. बँकेला दाखवलेला स्टॉक आणि टॅलीतला स्टॉक यातला फरक तुम्हाला मोजणीआधीच बरंच काही सांगेल.

घणसोली२७
छान, पण मोजणीचं कोणीच सांगितलं नाही. पाच माणसं, ११ दुकानं आणि गोदाम.

नेरूळकर
गोदाम ठरलेलंच, दोन माणसं तिकडे. स्टॉकचे ४० टक्क्यांहून जास्त एका जागी आहेत. ३१ ला तिथला इनवर्ड आणि आउटवर्ड बंद ठेवायला आधीच लेखी सांगा, नाहीतर ट्रक सुटला की माल गोदामातही मोजला जातो आणि दुकानातही, किंवा कुठेच नाही. शेवटचा जीआरएन (माल मिळाल्याची पावती) नंबर, शेवटचा ट्रान्सफर नंबर आणि प्रत्येक दुकानाचं शेवटचं बिल त्याच वेळी लिहून घ्या. कटऑफची (व्यवहार योग्य वर्षात पडले का याची) सगळी तपासणी या तीन नंबरांवर उभी राहते.

दुकानं निवडताना फक्त मोठी घेऊ नका. मूल्याने सर्वात मोठं एक, ज्याचं मार्जिन बाकीच्यांहून वेगळं पडतंय असं एक, आणि एक यादृच्छिक. कोणतं ते कंपनीला मोजणी सुरू होईपर्यंत सांगू नका. उरलेली तुम्ही पाहू शकत नाही, त्यांची एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अचानक मोजणी घ्या आणि ट्रान्सफर व विक्री धरून ३१ मार्चपर्यंत मागे नेऊन आणा. एसए ५०१ला वेगळ्या तारखेची मोजणी चालते, मधल्या हालचाली तपासल्या की झालं.

मॉलमधल्या दुकानात मोजणी बंद झाल्यावर रात्री होते. रात्री थांबायची परवानगी मॉलच्या ऑफिसकडून आधी लागते, नावं द्यावी लागतात. आयत्या वेळी गार्ड आत सोडत नाही.

ताळेबंद
मोजणीच्या शीटवर पुस्तकातली संख्या छापलेली नको. छापली की माणूस मोजत नाही, टिक करतो. रॅकला विभाग क्रमांक लावून घ्या, नाहीतर एकच रॅक दोनदा स्कॅन होतो आणि कोणाला कळत नाही. तुमची तपासणी दोन्ही बाजूंनी: रॅकवरून शीटवर आणि शीटवरून रॅकवर. ट्रायल रूम, ऑल्टरेशनचं टेबल, काउंटरखालचे बॉक्स, पुतळ्यांवरचे कपडे हमखास राहतात. गोदामातले सीलबंद बॉक्स काही तरी उघडा.

चरई_लेखा
सेल ऑर रिटर्नचा माल वेगळ्या रंगाच्या टॅगवर असेल तरच मोजणीत वेगळा पडतो. नसेल तर तो कंपनीच्या स्टॉकमध्ये मिसळतो आणि साडेचौदा कोटी फुगतात. दोन्ही ब्रँडकडून ३१ मार्चची शिल्लक लेखी मागवा. फ्रँचायझींच्या करारात मालकी कोणाची, हेही वाचा.

घणसोली२७
आणि जुना माल? त्यांची एजिंग रिपोर्ट छान दिसते, ८० टक्के माल सहा महिन्यांच्या आतला.

नेरूळकर
वय कोणत्या तारखेपासून मोजतात? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये गोदामातून दुकानात किंवा दुकानातून दुकानात माल गेला की तारीख नवी पडते. दोन हिवाळे पाहिलेला स्वेटर वाशीहून ठाण्याला पाठवला की कागदावर कोवळा होतो. वीस-पंचवीस बारकोड घ्या आणि मूळ खरेदी बिलाच्या तारखेशी ताडा. मग एएस २ (स्टॉकचं लेखामानक) प्रमाणे खरेदी किंमत आणि वसुली मूल्य यातलं कमी. वसुलीसाठी एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष किती रुपयांना विकला ते बघा, छापील किंमत नको.

घणसोली२७
जुन्या ऑडिटरांचे कागद मिळत नाहीयेत. सुरुवातीच्या स्टॉकचं काय करू?

ताळेबंद
पत्रव्यवहार नेमणूक स्वीकारताना झाला असेल, तो फाइलला आहे ना? कागद दाखवायचे की नाही, ते त्यांच्या मर्जीवर आहे. मग एसए ५१० प्रमाणे पर्यायी पुरावा गोळा करा. गेल्या एप्रिलमधली विक्री आणि ट्रान्सफर, मार्चची मोठी खरेदी बिलं, आणि दुकानवार मार्जिन महिन्याला कसं जातंय. मार्चमध्ये मार्जिन अचानक वर आणि एप्रिलमध्ये खाली, तर सुरुवातीचा स्टॉक फुगलेला असू शकतो. पुरावा नाहीच मिळाला तर नफा-तोट्यावर मत बदलावं लागेल. ते सरांना आत्ताच सांगा, सप्टेंबरमध्ये नको.

वाचनमात्र
मधेच विचारतो, माझ्याकडे औषधांच्या दुकानांची साखळी आहे, ऐरोली-कळवा पट्ट्यात. मोजणीला हेच चालेल का?

नेरूळकर
मोजणीच्या शीटला बॅच नंबर आणि एक्स्पायरीचे दोन रकाने जोडा. मुदत संपलेला माल होलसेलरला परत जातो, त्याची क्रेडिट नोट आली नसेल तर तो स्टॉकमध्येही दिसतो आणि येणे रकमेतही. फ्रिजमधला माल शेवटी मोजा आणि दार जास्त वेळ उघडं ठेवू नका.