प्रवरेच्या पात्रातील खडे: जास्परचे प्रकार कसे ओळखावेत?

प्रवराकाठ: नेवाशाजवळ प्रवरेच्या पात्रात मला लाल, पिवळसर-तपकिरी आणि गडद हिरवे असे अपारदर्शक खडे मिळाले असून, एका हिरव्या खड्यावर लाल ठिपके आहेत. विक्रेत्यांच्या यादीत ओशन, डाल्मेशियन, मूकाइट अशी जास्परची अनेक नावे दिसतात. यांपैकी माझे खडे कोणते असावेत?

खडकवेडा: नावाआधी खडा जास्पर आहे का, ते पाहावे. जास्पर हा अतिसूक्ष्म स्फटिकांचा, अशुद्धींमुळे अपारदर्शक झालेला क्वार्ट्झ (सिलिकाचे खनिज) असून त्याची कठीणता मोह्झच्या १ ते १० या मापनावर ६.५ ते ७ असते. म्हणून तो काचेवर ओरखडा उमटवतो, पण साध्या चाकूने स्वतः खरवडला जात नाही. बेसॉल्ट या काळ्या ज्वालामुखी खडकाच्या दोन थरांमध्ये सापडणारी लाल, घट्ट माती मात्र चाकूने सहज खरवडते आणि नवख्याला हमखास फसवते. त्यानंतर खड्याच्या पातळ कडेमागे विजेरी धरावी. उजेड आरपार आला, तर तो भाग कॅल्सेडनीचा, म्हणजे तशाच सूक्ष्म स्फटिकांच्या पण अर्धपारदर्शक क्वार्ट्झचा समजावा. एकाच खड्यात दोन्ही असू शकतात, त्यामुळे सीमा काटेकोर नसते. लाल रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा, तर पिवळा-तपकिरी बहुधा गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाचा असतो. ठिपक्यांचा हिरवा खडा हेलिओट्रोप, म्हणजेच ब्लडस्टोन असू शकतो.

गारगोटी: व्यापारी नावे आपल्या खड्यांना लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांतील बरीचशी विशिष्ट ठिकाणाशी बांधलेली आहेत: ओशन मादागास्करचा, मूकाइट पश्चिम ऑस्ट्रेलियाचा. डाल्मेशियन तर जास्परच नाही. तो मेक्सिकोतील फेल्डस्पार व क्वार्ट्झयुक्त अग्निजन्य खडक असून त्यावरील काळे ठिपके वेगळ्या खनिजाचे असतात. ‘प्रवरेच्या पात्रातील लाल जास्पर’ एवढी नोंद पुरेशी आणि अधिक खरी ठरेल.

प्रवराकाठ: आभारी आहे. लाल खड्यांपैकी दोन चाकूने खरवडले गेले, म्हणजे ते बाद. काही लहान तुकड्यांच्या कडा मात्र धारदार असून त्यांवर एकसारखे टवके उडालेले दिसतात. त्यांचीही अशीच परीक्षा करावी का?

खडकवेडा: कृपया करू नये. नेवासे येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन माणसाने घडवलेली कॅल्सेडनीची बारीक पाती मिळाली आहेत, आणि असे टवके मानवी हातचे असू शकतात. तुकडे न घासता, न धुता ठेवावेत, सापडल्याची नेमकी जागा लिहावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.